पट मांडावा, पण लावू नये



गळ्यात तुळशीची माळ पडते त्या वेळी माळकऱ्याला जी पथ्ये सांगितली जातात, त्यांत मद्य, मांस, परद्रव्य, परस्त्री यांच्या जोडीने जुगाराचेही नाव येते. माळ घेणारा मान डोलावतो, बुक्का लावून घेतो आणि घरी जातो. घरी कोनाड्यात आजीच्या वेळचा सारीपाट गुंडाळून ठेवलेला असतो, आणि मुले ओटीवर झब्बू खेळत असतात. मग मनात शंका उभी राहते. आता सोंगट्या खेळाव्या की नाही? पत्त्यांचा जोड घरात ठेवावा की चुलीत घालावा? आमच्या भिवंडीकडे ही शंका पुष्कळ जण विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात. म्हणून या पाठात तिचाच विचार करू. पद्धत आपली जुनीच: आधी पूर्वपक्ष, नंतर उत्तरपक्ष, शेवटी सिद्धांत.

पूर्वपक्ष

कडक मंडळी म्हणतात, "बुवा, खेळ म्हटला की पाप आलेच. विषय संपला." त्यांचे म्हणणे हलके समजू नये. त्यांच्या बाजूला मोठमोठे साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार प्रत्यक्ष वेद. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. फाशांच्या खडखडाटाने त्याचे मन ओढले जाते, सासू त्याचा द्वेष करते, बायको दूर होते, आई-बाप-भाऊ "आम्ही याला ओळखत नाही" असे म्हणतात. शेवटी त्याला उपदेश होतो तो असा की, फासे सोड आणि शेती कर. अहो, हजारो वर्षांपूर्वीचे हे सूक्त. पण यातले एकही दुःख जुने झालेले नाही.

दुसरा साक्षीदार महाभारत. सभापर्वात धर्मराज राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि द्रौपदीला पणाला लावून बसला. वनपर्वात नळराजा पुष्कराशी खेळला आणि नेसत्या वस्त्रानिशी रानात गेला. विराटपर्वातील प्रसंग आपण कीर्तनात फारसा सांगत नाही, पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. धर्मराज कंक या नावाने विराटाच्या दरबारी फासे खेळत असे. राजपुत्र उत्तराने कौरवांना जिंकले अशी वार्ता आली आणि विराट आनंदाने खेळायला बसला. खेळता खेळता कंकाने बृहन्नडेची स्तुती केली. एवढ्यावरून राजा संतापला आणि हातातला फासा त्याने धर्मराजाच्या तोंडावर फेकून मारला. नाकातून रक्त आले. ते भूमीवर पडू नये म्हणून सैरंध्री पात्र घेऊन धावली. आनंदाचा दिवस आणि शेवट रक्तात! पटावर बसलेल्या माणसाचा क्रोध किती जवळ असतो, ते पाहा.

तिसरा साक्षीदार मनू. नवव्या अध्यायात तो सांगतो की निर्जीव साधनांनी चालते ते द्यूत आणि कोंबडे-मेंढे अशा प्राण्यांना लढवून चालतो तो समाह्वय. राजाने दोन्ही बंद पाडावीत. इतकेच नव्हे, शहाण्याने गंमत म्हणूनसुद्धा द्यूताच्या वाटेला जाऊ नये, असे त्याचे मत आहे.

चौथा साक्षीदार मात्र पोथीतला नाही, आपल्या गल्लीतला आहे. भिवंडी हे मागांचे गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट चालतो. दूरदूरचे कामकरी येथे पोटासाठी येतात. पगार हाती पडला की कोपऱ्याकोपऱ्याला पत्त्यांचे डाव बसतात, आणि आठवड्याची मजुरी एका रात्रीत दुसऱ्याच्या खिशात जाते. गावोगावी तर याहून वाईट. गणपती घरी येतात, रात्री जागरण करायचे म्हणून शेजारीपाजारी जमतात. दोन आरत्या होतात, टाळ खुंटीला लागतात आणि देवाच्या समोरच पैशाचे डाव सुरू होतात. कारण काय सांगतात? "जागरण आहे, झोप नको यायला!" जागरण देवासाठी की डावासाठी, हे गजाननाला कळत नसेल काय?

पूर्वपक्ष असा बळकट आहे. तो ऐकून कोणी सारीपाट चुलीत घातला, तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

उत्तरपक्ष

तरीपण घाई करू नये. जो पक्ष सगळेच खेळ पाप ठरवितो, त्याला पहिला अडथळा आपल्या संतांचाच होतो. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू आहे, टिपरी आहे, फुगडी आहे. नाथमहाराजांच्या भारुडांत फुगडी आणि पिंगा आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा जो आनंद चालतो, त्याला तुकोबांनी खेळच म्हटले आहे. आणि वारीत आपण काय करतो? रिंगणात अश्व धावला की टाळकरी उडीचा खेळ मांडतात, पावली खेळतात, बाया-बापड्या डोक्यावरची तुळस खाली ठेवून फुगडी धरतात. सत्तर वर्षांचा म्हातारा दहा वर्षांच्या पोरासारखा उड्या मारतो. खेळ पाप असता, तर माउलींच्या पालखीपुढे तो आला असता का?

वेदांती म्हणेल, "हे मैदानी खेळ, पटावरच्या खेळाचे काय?" त्यालाही उत्तर आहे. कोजागरीच्या रात्री जागरण करून अक्षक्रीडा करावी असे धर्मशास्त्रात सांगितले आहे. आणि अक्ष म्हणजे फासेच. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नाव आहे, आणि शिवपार्वतींच्या फाशांच्या खेळाची कथा त्या दिवसाशी जोडलेली आहे. आमचा जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळला आणि हरला, म्हणून धनगरवाड्यावर बाणाईकडे राहिला, असे वाघ्या-मुरळी गातात. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर राजाने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची शेवटची विंशती सबंध क्रीडांवर आहे. त्यात चतुरंग आहे, फासे आहेत, कवड्या आहेत. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेले पट आजही दिसतात. वाटसरू बसले, विसावले, चार खडे घेऊन खेळले आणि पुढे गेले.

आता सारीपाटच घ्या. कापडाचा चौफुली पट, चार फाटे, एकेका फाट्याला चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. सोंगटी मधल्या घरातून निघते, सगळ्या पटाची प्रदक्षिणा करते आणि जिथून निघाली तिथेच परत जाते. वाटेत मार खाते, मेली की पुन्हा पहिल्यापासून जन्म घेते. जोडीने असली की तरते, एकटी सापडली की मरते. सत्संगाचा महिमा सांगायला याहून सोपा दृष्टांत मला सापडलेला नाही.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. कागद-कापडाला चिंचोक्याची खळ आणि लाखेचा लेप देऊन केलेली गोल रंगीत पाने. एकंदर १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. तिघे खेळतात, प्रत्येकी चाळीस पाने. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. कारण उघड आहे: राम जन्मला दोन प्रहरी आणि कृष्ण जन्मला मध्यरात्री. आणखी एक नवल असे की, निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का धाकटा. उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी धाकटी. एका दरबारी जो शेवटचा, तोच दुसऱ्या दरबारी प्रधानाखालोखाल मानाचा! संतांच्या दरबारात चोखोबा, जनाबाई कोठे बसतात, हे ज्याला समजले त्याला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. नववा रंग बौद्ध अवताराचा. आपल्या संतांनी पांडुरंगाला बौद्ध अवतार म्हणून गायिले आहे, आणि जुन्या मराठी पंचांगांच्या चित्रांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल उभा असे. ही कला मोडत आली असता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगविली. २०२४ साली या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले.

मोक्षपट

आता सगळ्यांत महत्त्वाचा खेळ, कारण तो आपल्या घरचा आहे. मुले ज्याला सापशिडी म्हणतात, तो मुळात मोक्षपट. सांप्रदायिक परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरमाउलींकडे देते. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला गेले म्हणजे सोपान-मुक्ताई या धाकट्या भावंडांचे मन रमावे म्हणून तो रचला, अशी कथा सांगतात. हाती असलेले जुने चित्रित पट अठराव्या शतकापासूनचे आहेत. वैष्णवांचे आहेत, तसे जैनांचेही आहेत. जैनांचा पट बहुधा ८४ घरांचा. उत्तरेत या खेळाला ज्ञानचौपड म्हणतात. डेन्मार्क देशातील कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने पश्चिम हिंदुस्थानातील या पटांवर २०१९ साली मोठा प्रबंध लिहिला. परदेशी माणूस आपला पट उलगडून वाचतो; आपण मात्र तो माळ्यावर टाकला आहे.

हा खेळ इंग्रजांनी उचलून नेला आणि १८९२ च्या सुमारास लंडनात छापून विकला. पुढे पुढे घरांची नावे गळाली, राहिले नुसते आकडे. साप कशाचा आणि शिडी कशाची, हे कोणी विचारीनासे झाले. तोच बिननावाचा खेळ आपण दुकानातून विकत आणून मुलांना देतो. घरची ज्ञानेश्वरी देऊन कोरी वही घेतल्यासारखे झाले की नाही?

मूळच्या पटावर प्रत्येक घराला नाव असते. कवड्यांचे दान म्हणजे प्रारब्ध; ते आपल्या हाती नाही. साप दुर्गुणाच्या घरी, शिडी सद्गुणाच्या घरी. हरीश जोहरी यांनी विसाव्या शतकात पुस्तकरूपाने लोकांपुढे आणलेला एक वैष्णव पट ७२ घरांचा आहे. त्यातल्या काही जागा मुद्दाम सांगतो, कारण त्यांत सगळा परमार्थ भरला आहे.

चोविसावे घर कुसंगाचे. तिथला साप थेट सातव्या घरी, मदाच्या घरी नेतो. सदतिसावे घर ज्ञानाचे. त्याची शिडी सहासष्टाव्या आनंदलोकापर्यंत जाते. चोपन्नावे घर भक्तीचे. त्याची शिडी अडुसष्टाव्या घरी लागते, आणि ते अडुसष्टावे घर म्हणजे वैकुंठ. पाहा, ज्ञानाची शिडी उंच खरी, पण ती वैकुंठाच्या अलीकडे दोन घरे थांबते. भक्तीची शिडी सरळ दारात उतरविते.

पण एवढ्याने हुरळून जाऊ नका, बरं का! भक्तीच्या लगेच पुढचे, पंचावन्नावे घर कोणाचे आहे? अहंकाराचे. तिथे साप बसला आहे आणि तो अगदी तळच्या ओळीत आणून टाकतो. भक्तीच्या घराला अहंकाराचे घर लागून आहे. "मी एवढ्या वाऱ्या केल्या, माझा विणा, माझी दिंडी" असे म्हटले की एक पाऊल पुढे पडलेच आणि सापाने गिळलेच. हे घर मी कीर्तनकारांना आधी दाखवितो आणि मग इतरांना, कारण टाळ्यांच्या आवाजात त्या सापाचा फूत्कार ऐकू येत नाही.

आणखी एक. वैकुंठाच्या वरही चार घरे आहेत. नेमके दान न पडता जो वैकुंठ ओलांडून पुढे गेला, तो शेवटी बहात्तराव्या घरी पोहोचतो. ते घर तमोगुणाचे. तिथला साप त्याला पृथ्वीवर उतरवितो. सगळ्यांत वरचे घर म्हणजे मोक्ष नव्हे. देवाजवळ थांबता आले पाहिजे. हे एका रात्रीत, हसत खेळत, घरातल्या सात वर्षांच्या मुलीला समजते. हेच मी प्रवचनात सांगू लागलो, तर तिला झोप येईल.

मग दोष कशात आहे?

येथे पूर्वपक्षाचे साक्षीदार पुन्हा बोलवू. मनूने द्यूत निषिद्ध केले. पण द्यूत म्हणजे काय? नारदस्मृतीत त्याची व्याख्या करताना दोन गोष्टी येतात: कपटाने खेळणे, आणि पण लावून खेळणे. म्हणजे दोष फाशाचा नाही, पटाचा नाही. कपट आणि पण काढून घ्या, उरतो तो खेळ.

हा 'पण' शब्द मोठा विलक्षण आहे. पण म्हणजे डावावर लावलेले द्रव्य. पण म्हणजे प्रतिज्ञाही. आव्हान आले तर मागे फिरायचे नाही, असा धर्मराजाचा पण होता. म्हणून तो पणाला बसला आणि उठू शकला नाही. आमच्या पाठशाळेत धातुपाठ घोकताना 'पण्' धातूचे दोन अर्थ शिकवीत: एक व्यवहार करणे, दुसरा स्तुती करणे. एकाच धातूतून देवघेवही निघते आणि स्तवनही निघते. जुगारी पहिला अर्थ धरून बसला, कीर्तनकाराने दुसरा धरावा. दोघेही रात्र जागतात. सकाळी एक रिता उठतो, एक भरलेला उठतो.

पण लावला म्हणजे खेळात तिसरा माणूस शिरतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे असे आहे. हरणारा बदलतो, जिंकणारा बदलतो, पण अड्डेवाल्याचा वाटा कधी चुकत नाही. आजकाल अड्डा गल्लीत शोधावा लागत नव्हता. तो मोबाइलच्या काचेत येऊन बसला होता. रमी तीच, पण समोर चेहरा नाही, चहाचा कप नाही, "अरे, आता पुरे कर" म्हणणारा शेजारी नाही. कित्येक घरांतली पोरे अंथरुणात पडल्या पडल्या शेत हरली. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून ऑनलाइन पैशाचे खेळ बंद केले. यातले मर्म लक्षात घ्या. आपल्याकडचा १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो. नव्या कायद्याने मात्र कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला आणि पैसा लावला की नाही, एवढेच पाहिले. बोट बरोबर पणावर ठेवले.

कायदा झाला म्हणून काम संपले असे नाही. माणसाला विसावा हवा असतो. रिकामे घर भूत धरते, तसे रिकामे मन. नुसते "खेळू नका" म्हणून भागत नाही. काय खेळावे तेही सांगावे लागते. मुलांच्या हातातली चांगली सोंगटी आपण काढून घेतली, तर त्या हातात दुसरे काय येते, ते आपण पाहिलेच आहे.

सिद्धांत

तात्पर्य असे: माळकऱ्याने पट मांडावा, पण लावू नये. सोंगट्या, बुद्धिबळ, गंजिफा, चिंचोक्यांचे खेळ, मुलांचे झब्बू-बदामसात यांत माळेला बाध नाही. मात्र काही नेम पाळावेत.

पहिला नेम: पैसा तर नाहीच, पण चहा, विडी, नारळ यांचाही पण नको. लहान पणाचे पोट मोठ्या पणाने वाढते.

दुसरा: हरिपाठ आधी, पट नंतर. खेळापायी हरिपाठ राहिला, तर समजावे की पैसे न लावताही आपण पण लावला आणि हरलो. वेळ हेही द्रव्यच आहे, आणि ते परत जिंकता येत नाही.

तिसरा: एकादशीची रात्र भजनाची. त्या रात्री पट उलगडू नये.

चौथा: हरलेल्याला टोचू नये, आणि हरलेल्याने फासा फेकू नये. विराटाची आठवण ठेवावी.

पाचवा: खेळात घरातल्या सर्वांना घ्यावे. आजी, सून, लेकरे एका पटाभोवती बसली की अर्धी भांडणे तिथेच मिटतात.

गणपतीच्या जागरणासाठी एक गोष्ट करून पाहा. हातभर जाड पांढरे कापड घ्या. त्यावर आडवी नऊ आणि उभी आठ अशी ७२ घरे आखा. खालून वर, एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे, असे आकडे घाला. मुलांकडून घरांना नावे लिहवून घ्या: जन्म, लोभ, निंदा, कुसंग, दया, नामस्मरण, वारी, भक्ती, वैकुंठ. साप-शिड्या त्यांच्याकडूनच काढून घ्या. निंदेचा साप किती लांब असावा, यावर ती जो वाद घालतील तेच अर्धे निरूपण. दान टाकायला सहा कवड्या पुरतात; जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चालावे. एकच जादा नेम ठेवा: ज्याच्या घरी सोंगटी थांबेल, त्याने त्या घराच्या नावावर दोन वाक्ये बोलावी किंवा एक अभंग म्हणावा. निरक्षर आजी सगळ्यांत पुढे जाईल, हे मी खात्रीने सांगतो. झोप कोणाला येणार नाही, आणि सकाळी कोणाच्या घरात रडारड होणार नाही.

पैशाचा डाव बसवणाऱ्यांना नुसते दटावले तर ते उठून शेजारच्या घरी बसतील. त्यांच्यापुढे हा पट पसरा आणि "या, एक दान टाका" म्हणा. जो बसेल तो आपला. शेवटी या संसाराच्या पटावर आपण सगळ्याच सोंगट्या. दान त्याचे, चाल आपली, आणि घर पंढरीचे. तिथे पोहोचताना हातात काहीच लागत नाही. म्हणून वाटेत काही पणाला लावू नये, मुखी नाम ठेवावे, आणि बरोबरच्या सोंगटीला एकटी टाकू नये.

राम कृष्ण हरी.